बाटली कोरडी झाली की चहा

तुम्ही कधी स्वतःच्या रक्ताची बाटली पर्ससारखी बाजूला लटकवून बाथरूमला गेलात का?

नाही ना? देव करो आणि तशी वेळ न येवो. आमच्या वॉर्डातल्या बायका मात्र रोज जायच्या. एका हातात नवऱ्याचा किंवा सुनेचा हात, दुसऱ्या हातात बाटली. वाटेत दुसरी बाटलीवाली भेटली की दोघी थांबून एकमेकींच्या बाटलीत डोकावायच्या आणि मगच पुढे सरकायच्या.

माझ्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात होते. आमचं सिंदी रेल्वेला किराणा दुकान आहे. घरी आल्यावर गिऱ्हाइकं तराजूसमोर उभी राहून विचारायची, "काकू, कंबर कशी हाये?" मी एक किस्सा सांगायची. सांगता सांगता दुसरा आठवायचा. पोत्याला भोक पडलं की डाळ जशी थांबत नाही, तसं व्हायचं. यजमान शेवटी म्हणाले, "अवं, लोकं साखर न्याले येतात, तुह्यं ऑपरेशन न्याले नाई!"

म्हणून आता लिहून काढते. शेवटचा किस्सा मात्र मी दुकानात कोणाला सांगितलेला नाही.

*

आधी बाटलीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कमरेचं ऑपरेशन झालं की आत थोडं थोडं रक्त येत राहतं. ते तिथेच साचलं तर नस दबते. म्हणून जखमेच्या बाजूने एक बारीक नळी बाहेर काढतात आणि तिच्या टोकाला बाटली लावतात. डॉक्टर तिला ड्रेन म्हणायचे. आम्ही बाटलीच म्हणायचो.

त्यातही प्रकार! कोणाची बाटली लोहाराच्या भात्यासारखी चुण्याचुण्यांची. ती दाबून ठेवली की फुगता फुगता आतलं रक्त ओढून घेते. कोणाला साधी पिशवी, पलंगाच्या खाली लोंबणारी. तिच्यात जे येईल ते आपल्या वजनाने उतरत येतं. आणि कोणाला काहीच नाही, नुसती पट्टी.

माझ्या समोरच्या पलंगावर अनुसयाबाई होत्या. सेलूकडच्या. म्हातारपणी मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली म्हणून ऑपरेशन झालेलं, पण जीभ एकदम मोकळी. त्यांनी लहान डॉक्टरांना विचारलं, "काजी, मले भाता, हिले थैली, अन् तिले कायीच नाई. यातलं चांगलं कोणतं?"

लहान डॉक्टर म्हणजे नुकतेच शिकून आलेले, फार गुणी मुलगा. ते म्हणाले, "आजी, ऑपरेशन कसं आहे त्यावर असतं. आणि काही सर ओढणारी लावतात, काही साधी, काही लावतच नाहीत. ज्यांचा जसा अनुभव."

अनुसयाबाईंनी आपला भाता उचलून बघितला.

"म्हंजे आमच्या वरणासारखंच हाये बाप्पा! ज्या घरची जशी सासू!"

*

माझ्या शेजारच्या पलंगावर कमल होती.

कारंजा घाडगेच्या पुढे, हायवेवर तिचा आणि तिच्या नवऱ्याचा ढाबा आहे. ट्रकवाल्यांसाठी भाकरी थापता थापता तिची कंबर गेली. मोठ्या बांध्याची, हसरी बाई. वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला मंदाताई म्हणायची.

तिच्या लेकीचं, शीतलचं साक्षगंध ठरलं होतं, येत्या रविवारी. तुमच्याकडे साखरपुडा म्हणतात, आम्ही साक्षगंध म्हणतो. तारीख धरल्यावर कमलचा पाय इतका दुखायला लागला की ऑपरेशन पुढे ढकलताच येईना. त्यात मुलाकडच्या कोण्या आत्याबाईने बोलून दाखवलं, "मायच लुळी, तं पोरीचे हाडं कसे निघतीन?"

ते वाक्य कमलच्या मनात रुतून बसलं होतं. आल्या दिवसापासून तिचं एकच. "मंदाताई, मले दुसरं कायी नाई पायजे. मी माह्या पायानं चालत जाईन, अन् त्या आत्याबाईले उभ्यानं कुंकू लावीन. खुर्चीवर बसून नाई, उभ्यानं!"

मोठे सर राउंडला आले की ती रोज विचारायची, "सर, रविवारी जाईन ना?"

सर म्हणायचे, "बाटली कोरडी होऊ दे. मग नळी काढू, मग तुला चालवू, मग बघू."

त्यातलं पहिलं वाक्य तेवढं तिने धरून ठेवलं.

*

दुर्गाताई सिंदी मेघेच्या. त्यांना नळीच लावली नव्हती. लहानसं ऑपरेशन होतं, गरज नव्हती. पण भेटायला येणारं माणूस आधी बाटली शोधायचं. पलंगाच्या डाव्या बाजूला बघायचं, उजव्या बाजूला बघायचं, मग खाली वाकायचं.

"तुमचं व्हायचं हाये का अजून?"

"झालं ना!"

"मंग बाटली कुठं हाये?"

दुर्गाताई रडकुंडीला आल्या. त्यांच्या जावेने तर सासरी जाऊन सांगितलं म्हणे, की हिला काही झालेलं नाही, काम टाळायला आराम करून राहिली आहे! शेवटी दुर्गाताईंनी प्रणिता सिस्टरला हात जोडले. "सिस्टर, मले एखांदी रिकामी बाटली द्या ना. नुसती टांगून ठेवतो. जाऊ येऊन गेली का वापस देतो."

सिस्टर हसल्या आणि निघून गेल्या. आम्हीही हसलो.

संध्याकाळी जाऊ आली आणि दुर्गाताई नुसत्या कुशीवर वळल्या. पाठीची पट्टी रक्ताने लालभडक भिजलेली होती. जावेने तोंडाला पदर लावला.

"दिसली का आता बाटली?" दुर्गाताई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

*

भेटायला येणाऱ्यांची तऱ्हाच वेगळी. माणसाच्या तोंडाकडे कोणी बघत नसे. बाटलीकडे बघायचं, चुकचुकायचं, केळी ठेवायची, निघायचं. अनुसयाबाईंनी कंटाळून ब्लाउजपीसची एक पिशवी सुनेकडून शिवून घेतली, काठाला लेस वगैरे लावून, आणि बाटली तिच्यात ठेवली.

त्यांच्या गावच्या एक बाई आल्या. पलंगावर टेकल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्यांची नजर सारखी त्या पिशवीवर. शेवटी राहवलं नाही.

"काव अनुसया, थैली मोठी गोजरी हाये. काय हाये अंदर?"

"रगत," अनुसयाबाई म्हणाल्या. "देऊ का थोडं?"

बाई केळी परत घेऊन गेल्या!

*

त्याच अनुसयाबाईंची सून. गरीब पोर. सासूच्या धाकात इतकी, की हाक मारली तरी हातातलं खाली पडायचं. एकदा अनुसयाबाईंना झोप लागली होती आणि त्यांची भात्याची बाटली भरत आली होती. सुनेला वाटलं, सासू उठून म्हणेल, एवढी घाण तशीच ठेवली! तिने नळीपासून बाटली सोडवली, बेसिनवर नेली, रिकामी केली आणि साबण लावून घासून चकचकीत करून आणली.

प्रणिता सिस्टर औषधं वाटत आल्या आणि ती स्वच्छ बाटली बघून त्यांचा चेहराच बदलला. किती रक्त आलं ते मोजायचं राहिलं, आणि नळीचं तोंड इतका वेळ उघडं. आत काही गेलं तर मणक्यापर्यंत जातं. सिस्टर रागावल्या नाहीत, ते जास्त भीतीचं वाटलं. त्यांनी नवी बाटली लावली, डॉक्टरांना फोन केला. पुढे अनुसयाबाईंना ताप भरला. जास्तीची इंजेक्शनं सुरू झाली. दोन्ही हातांच्या शिरा सुजून टम्म झाल्या.

सून पायाशी बसून रडत होती.

अनुसयाबाई तापातच म्हणाल्या, "लगन होऊन आल्यापासून पयल्यांदा न सांगता भांडं घासलं व माय तुनं. अन् तेच नेमकं घासाचं नव्हतं!"

मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात चटका बसेल इतका गरम होता, असं सून नंतर मला म्हणाली.

*

आता माझंही सांगते. तेवढं काही हसण्यासारखं नाही.

माझ्या बाटलीत पहिल्यांदा लाल होतं. मग ते फिकट झालं. आणि मग एकदम पाण्यासारखं, स्वच्छ. सगळ्या बायका बघायला आल्या. "मंदाताई, गंगा झाली तुमची! उद्या सुट्टी!" कमल तर हेवा करायला लागली. मीही यजमानांना फोन करून सांगितलं, घरातली माझी खोली झाडून ठेवा.

लहान डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाटलीकडे.

"काकू, डोकं दुखतंय का?"

"हो ना. बसलं की फारच."

ते रक्त नव्हतंच. मणक्याच्या आत नसांभोवती जे पाणी असतं, ते झिरपत होतं. आवरणाला बारीक चीर गेली होती. भाता ते पाणी ओढून घेत होता. त्यांनी आधी भात्याची ओढ बंद केली आणि नळीला साधी पिशवी लावली. मला सांगितलं, आता उशीसुद्धा नाही. सपाट झोपायचं. उठायचं नाही, बसायचं नाही.

मी सपाट पडले. छताकडे बघताना एकच मनात येत होतं, आम्ही सगळ्या मिळून किती खूश झालो होतो!

अनुसयाबाई समोरून म्हणाल्या, "मंदे, या घरात लाल बी वाईट अन् पांढरं बी वाईट. पाहाचंच नाई आपुन."

पण बघितल्याशिवाय राहणार कोण?

*

रोज सकाळी राउंड. मोठे सर पहिल्या पलंगापाशी आले की पायाजवळची चादर वर करायचे. "अंगठा हलवा. वर. खाली. शाब्बास." नस चांगली असली की अंगठा हलतो. दाबली गेली की हलत नाही.

ते एकीला सांगायचे आणि वॉर्डभर सगळ्यांचे अंगठे हलायचे. ठरवून नाही. भीतीनेच. तिचा हलतो, माझा हलतो का? चादरी खालून उंदीर पळाल्यासारख्या हलायच्या. भेटायला आलेले नवरेसुद्धा चपलेत अंगठा हलवून बघायचे.

एकदा झाडू मारणाऱ्या मावशी काम थांबवून, एका हाताने भिंतीला धरून उभ्या होत्या आणि स्वतःच्या पायाकडे बघत होत्या. सरांनी विचारलं, "मावशी, तुमचं कधी झालं ऑपरेशन?"

"नाई जी साहेब," मावशी म्हणाल्या. "पण सारेच हलवून राह्यले, तं म्हटलं आपला बी पाहून घ्याव!"

सर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. त्यानंतर राउंड आला की आम्ही लपवून नाही, उघडच हलवायला लागलो. तेवढीच एक गोष्ट आमच्या हातात होती. म्हणजे पायात.

*

वॉर्डाची एक रीत होती. कोणी पाडली ते माहीत नाही, आम्ही यायच्या आधीपासूनची. जिची बाटली कोरडी झाली, तिने सगळ्या वॉर्डाला कँटीनचा चहा पाजायचा. सिस्टरना, मावशींना, सगळ्यांना. नळी निघायच्या आधीच पाजायचा. म्हणजे नळी निघताना दुखत नाही, असं म्हणायचे. दुखायचंच. पण चहा व्हायचा.

दुसरीचा चहा पिताना कमल दर वेळी म्हणायची, "माहा बी येईन चहा. रविवारच्या अगुदर येईन."

तिची बाटली काही कोरडी होईना. मोठं ऑपरेशन होतं तिचं, स्क्रू टाकलेले. रोज सकाळी सिस्टर बाटली उचलून बघायच्या आणि कमल त्यांच्या तोंडाकडे. सिस्टर आकडा लिहून घ्यायच्या.

तिच्या नवऱ्याचा फोन यायचा. मांडववाला विचारून राह्यला, आचारी विचारून राह्यला. "पुढे ढकलू का?" असं त्याने एकदा विचारलं तर कमलने फोनच बंद केला.

त्या दिवशी दुपारी ती चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेली. मी सपाट, मान तेवढी तिच्याकडे वळवता येत होती. मला वाटलं, झोपली असेल.

संध्याकाळी प्रणिता सिस्टर आल्या. वाकून बाटली बघितली. पुन्हा बघितली.

"अरे वा, कमलताई! दुपारपासून काहीच नाही आलं."

कमलचा चेहरा असा उजळला! "पाहा! म्हटलं होतं ना मी? मंदाताई, पाहा ना!"

सगळ्या वॉर्डात आनंद. अनुसयाबाईंचा ताप उतरला होता, त्यांनी पडल्या पडल्या टाळी वाजवली. "काढ वं कमले, चहा काढ! बिस्कुटासंग!"

कमलने लगेच कँटीनला फोन लावला. मग नवऱ्याला लावला. "मांडववाल्याले हो म्हणा. अन् माही ती हिरवी साडी प्रेसले द्या. बाटली कोरडी झाली माही!"

सिस्टर समोरच्या रांगेतल्या बाईला सलाइन लावायला गेल्या. तेवढं संपवून कमलची नळी नीट बघते म्हणाल्या.

चहा आला. वाफाळलेला, आलं घातलेला. मावशींनी सगळ्यांना कप दिले. मला चमच्याने पाजला. कमलच्या पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर केली होती, ती दोन्ही हातांनी कप धरून होती.

"पायाले मुंग्या येऊन राह्यल्या वं," ती म्हणाली.

"पडून पडून येतेच," अनुसयाबाई म्हणाल्या. "नाचाचं हाये तुले रविवारी. येऊ दे मुंग्या."

कमल हसली. इतकी हसली की कप कलंडला. सगळाच्या सगळा चहा तिच्या मांड्यांमध्ये सांडला.

मी ओरडले. दुर्गाताई ओरडल्या. तिच्या गाऊनमधून वाफ निघत होती.

कमल हसतच होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? काऊन ओरडून राह्यल्या?"

मग तिने खाली बघितलं. ओल्या गाऊनवर हात ठेवला आणि हात चटकन उचलला. हाताला चटका बसला होता. मांडीला नाही.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी चादर बाजूला केली, नळीवरून हात फिरवत नेला. नळीवर एक पांढरी प्लास्टिकची चिमटी असते. बाटली बदलताना सिस्टर ती दाबून नळी बंद करायच्या आणि झालं की पुन्हा उघडायच्या. रोज आमच्या डोळ्यांसमोरच करायच्या.

चिमटी बंद होती.

"कोणी लावली ही?"

कमलने चिमटीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ढाब्यावर टाकीचा कॉक बंद केला का पाणी टाकीतच राह्यते ना, सिस्टर. मले वाटलं, रगत बी आंगातच राहीन. वाया तं चाललं होतं."

सिस्टरनी चिमटी उघडली. नळीत गोठलेलं होतं. काही आलं नाही.

लहान डॉक्टर पळत आले. पायाला बोटं लावली, टाचणी लावली. "इथे कळतंय? इथे?" कमल दर वेळी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची, अंदाजाने. त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "डोळे मिटा, ताई." डोळे मिटल्यावर ती काहीच बोलली नाही.

"रक्त आतच राहिलं हो," ते म्हणाले. "पण तिथेच तर नस आहे."

पुन्हा ऑपरेशन. साचलेलं काढायचं, आत्ताच. ट्रॉली आली. तिला उचलून ठेवताना तिचे पाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे मागून आले. मोबाइल वाजत होता. स्क्रीनवर शीतलचा फोटो. मी सपाट होते, पण तेवढं मला दिसलं.

कमलने मावशींचा हात धरला. "उचला. शीतलले सांगजा, बाटली कोरडी झाली. एवढंच सांगजा."

मावशींनी फोन उचलला आणि तेवढंच सांगितलं.

ट्रॉली गेल्यावर कप तसेच राहिले. अनुसयाबाईंनी आपला चहा पलंगाखाली ठेवून दिला, प्यायल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड आला. कमल परत आपल्या पलंगावर होती, नवी नळी, नवी बाटली, बाटलीत ताजं लाल. मोठ्या सरांनी तिच्या पायावरची चादर वर केली आणि म्हणाले, "कमल, अंगठा हलव." तिचा हलला नाही. आम्ही सगळ्या आपापले हलवत राहिलो.